उजवं दार

लिंबाजी मिस्त्री गाडीपाशी आले की आधी माणसाशी बोलत नसत. दार उघडायचे, हलकेच ढकलून लावायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. असं तीनदा. मग वळून "जयभीम शेठ" म्हणायचे. पहिल्या भेटीत मला हा अपमान वाटला. गेवराईत भंगाराच्या टपरीपासून सुरुवात करून मी स्वतःच्या शेडपर्यंत आलो होतो, आणि माझ्याच शेडमध्ये येऊन हा माणूस मला सोडून माझ्या गाडीच्या दाराची विचारपूस करत होता.

"मी इथं उभा आहे मिस्त्री," मी म्हणालो.

"दिसतंय की," ते म्हणाले. "पर दाराचा आवाज सकाळी येगळा आसतो, उनात येगळा. म्हणून आधी त्येला इच्यारलं. तुमचा आवाज काय, दिसभर सारखाच ऱ्हाणार."

तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं. अंगाने काटकुळे, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल आणि चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. तलवाड्याला घर. उभं आयुष्य ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या बॉड्या बांधण्यात गेलेलं. पण त्याआधी तरुणपणी बारा वर्षं ते हैदराबादला एका बॉडीच्या कारखान्यात होते, आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी त्यांना जुन्या मोटारींचं काम शिकवलं होतं. मला तो माणूस हवा होता तो त्या बारा वर्षांसाठी.

माझा धंदा लग्नाच्या गाड्यांचा. मी शिरूर कासारचा. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि मुकादमाशी हुज्जत घालणारी माझी आई बघत मी मोठा झालो. घासाघीस मला कुणी शिकवावी लागली नाही. रागही तिथूनच आला असावा. भंगार घेता घेता मोडक्या जुन्या मोटारी हाती लागायला लागल्या, त्या दुरुस्त करून वरातीला द्यायला लागलो आणि धंदा लागला. त्यातली सगळ्यात देखणी गाडी मला हैदराबादकडच्या एका गोदामात मिळाली. लांब नाक, नागमोडी मडगार्ड, मागे सोफ्यासारखं बाक. त्या काळी परदेशातून नुसता सांगाडा आणि इंजिन यायचं. वरची बॉडी इथले कारागीर मालकाच्या हौशीप्रमाणे हाताने बांधायचे. आत सागवानाची चौकट, वर पत्रा, आतून गादी. त्यामुळे तशी दुसरी गाडी जगात नसते. हे सांगायला छान वाटतं. दुरुस्तीला घेतली की कळतं.

तिचं दुखणं एकच होतं. बाहेरून ती हत्तीएवढी, आत मात्र मागच्या बाकावर अडीच माणसांची जागा. आणि वरातीत मागे तीन जण लागतात: नवरा, नवरी आणि करवली. आष्टीच्या एका लग्नात करवली म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, दोन लेकरांची आई, अंगाने भरलेली. ती शेवटी बसली आणि दार लागेना. दोघा-तिघांनी बाहेरून रेटलं तेव्हा शालूचा काठ दारात अडकून फाटला. नवऱ्याचा बाप सगळ्यांसमोर मला म्हणाला, "शेठ, ही गाडी बसायला आणली का फोटू काढायला?" करवली खाली उतरली आणि बँडच्या मागे पायी चालली. "माज्या भावाच्या वरातीत मीच पायी," एवढंच म्हणत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी त्या बापाशी भांडलो. पण घरी आल्यावर टेप लावून बघितलं तर दोन्ही मागची दारं सहा-सहा बोटं जाड होती. गाडीची रुंदी दारांनीच खाल्ली होती.

"किती बारीक करायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन बोटांचं करा."

"दोन बोटाचं म्हंजी तेलाचा डबा. धक्क्याला उघडंल आन् करवली रस्त्यावर."

"बरं, तीन."

"ह्यो काय बाजार हाय का शेठ? काच खाली उतरायला जागा लागती. ती काय तुमच्या बोलण्यानं पातळ हुती का?"

"साडेतीन. यापुढं एक सूत नाही."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "साडेतीन मी करणारच व्हतो," ते म्हणाले. "तुमी उगं दमला."

असा माणूस. मला घासाघिशीत हरवणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजतो, आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी हरवलं. राग आला, आणि माणूस आवडलाही.

मला वाटलं होतं, ते आता दार काढून रंधा मारायला बसतील. त्यांनी दाराला हातच लावला नाही. म्हणाले, "घरच्या तीन बाया बोलवा. शालू नेसून." माझी बायको, मेहुणी आणि शेजारच्या काकू भर दुपारी शेडमध्ये शालू नेसून आल्या. हसून हसून बेजार. मिस्त्रींनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. "लग्नात बसल्यावानी बसा बायांनो. श्वास धरून बसू नका, वरात लई लांब आसती." मग खडूने दाराच्या गादीवर खुणा केल्या: कोपर कुठे लागतं, कंबर कुठे लागते. बाया उतरल्यावर मला जवळ बोलावून त्या खुणा दाखवल्या. दोनच जागा होत्या, ताटलीएवढ्या.

"माणूस सगळीकडून सारखं रुंद नसतंय," ते म्हणाले. "कोपराला आन् कमरंला जागा द्यायची. बाकीचं दाराचं दाराकडं ठिवायचं. सगळंच दार पातळ केलं तर त्येच्यात जीव ऱ्हात न्हाई."

त्यांच्या कामाची गंमत इथे होती. त्यांनी दार बारीक केलं नाही, दारात वाया गेलेली जागा शोधून काढली. काच खाली-वर करणारं दांडीचं यंत्र त्यांनी सरळ काढून टाकलं आणि त्याजागी चामड्याचा पट्टा लावला. पट्ट्याला भोकं, दाराला पितळी खुंटी. पट्टा ओढला की काच वर, भोक खुंटीला अडकवलं की तिथेच थांबते. मी चिडलो. "एवढ्या राजेशाही गाडीला बैलाचा पट्टा? लोक हसतील."

"ह्या यंतराला आत दोन बोटं जागा लागती," ते शांतपणे म्हणाले. "तुमाला करवली बसवायची का यंतर?"

पुढे त्यांनी चौकटीचं लाकूड मधून पोखरलं, आणि जिथे ताकद जाते असं वाटलं तिथे, बिजागरीच्या अंगाला, लोखंडी पट्टी लाकडात बुडवली. पट्टी अशी बसवली की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. हे सगळं ते एकटे करायचे. सोबत फक्त त्यांची बायको केसरबाई. तलवाड्याहून दोघं सकाळच्या जीपने यायची. त्या लांब फळीचं दुसरं टोक धरून उभ्या राहायच्या, आणि नवऱ्याने काही बोलायच्या आत टोक वर किंवा खाली करायच्या. चाळीस वर्षं दुसरं टोक धरलेलं.

डावं दार पाच आठवड्यांनी चढलं. मी पंधरा दिवस म्हणालो होतो, त्यांनी "बघू" म्हटलं होतं. पण दार लागलं आणि मी भांडायचं विसरलो. त्याचा आवाज मला लिहून सांगता येणार नाही. जाड पुस्तक मिटल्यासारखा होता. पुन्हा तिन्ही बायांना बसवलं. दार एका बोटाने लागलं, आणि मेहुणीने आत बसून पदर सारखा केला. पदर सारखा करायला जागा उरली होती! मी मिस्त्रींच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा पडला.

त्या दुपारी ते शेडच्या दारात पाय सोडून बसले होते. केसरबाईंनी भाकरी सोडली होती. एरवी स्वतःबद्दल न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. "चाळीस वर्सं टरकाच्या फळ्या ठोकल्या शेठ. त्येच्यात कांदा बसतो, सरकी बसती. बसणाऱ्यानं कधी म्हणलं न्हाई, दार बरं झालं म्हणून. आज तुमच्या मेहुणीबाई म्हणल्या." मग म्हणाले, "उजवं झालं की जोडी झाली. मंग मी हत्यारं पुसून ठिवतो. आता हात पैल्यासारका न्हाई."

"उजवं पंधरा दिवसांत करा," मी म्हणालो. "डाव्याचा फरमा आहेच, उलटा धरायचा."

"न्हाई जमायचं. ह्या दोगी बहिणी हायत, जुळ्या न्हाईत."

त्यांनी मला ओळंबा लावून दाखवलं. हाताने बांधलेल्या गाडीच्या दोन बाजू मुळातच तंतोतंत नसतात. त्यात माझी गाडी त्या गोदामात कित्येक वर्षं एका चाकाखाली विटा लावून कलती उभी होती. उजवं अंग बसलं होतं. ज्या खांबाला उजवं दार येऊन टेकतं, तो खांब वरून मागे आणि खालून आत असा पिळला होता. डोळ्याला दिसत नव्हतं. ओळंब्याची दोरी मात्र खाली पोचेपर्यंत खांबापासून करंगळीभर सुटत होती. "जसा खांब तसंच दार करावं लागंल," ते म्हणाले. "वाकड्याला वाकडं. मंग ते सरळ दिसंल."

त्यांनी उजवं दार उतरवलं, पत्रा सोडवला, जुनी चौकट उघडी करून ठेवली. आणि दसऱ्याला नागपूरला गेले. दरवर्षी जायचे, काम घेतानाच त्यांनी मला सांगितलं होतं की तेवढे चार दिवस हात लागणार नाही. जाताना पुन्हा बजावलं, "शेठ, दाराला हात लावला तर लावा. खांबाला लावू नका. त्या अंगाचं तेवढंच एक खरं उरलंय."

चार दिवसांचे बारा झाले. तिथे त्यांच्या चुलतभावाला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. मी फोनवर फोन केले. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा मी लोकांना देऊन बसलो होतो. "मिस्त्री, कावून थांबलाव तिकडं?" मी त्यांच्याच भाषेत ओरडलो. ते म्हणाले, "शेठ, माणूस टाकून कसं येऊ?" त्यांचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असलं की मला जास्त राग येतो.

दहाव्या दिवशी मी दुसरा एक बॉडीवाला बोलावला. त्याने डाव्याचा फरमा उलटा धरला, उजव्या दाराची जुनी चौकट त्या मापाने कापली, आणि दुपारपर्यंत दार उभं केलं. ते बसलं नाही. वरून खांबाला घासत होतं, खालून फट. तो मला म्हणाला, "खांब जरा तासू का? लगेच बसंल." मी म्हणालो, "तास." हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. दार बसलं. दोन दिवसांनी गाडी नुसती रस्त्यावर काढली तर खड्ड्यात आपोआप उघडलं, बिजागरी पिळली आणि कापलेली चौकट मधून चिरली.

मिस्त्री परत आले ते सकाळीच. गाडीपाशी गेले. लावून बघायला दार नव्हतं, ते भिंतीला टेकवलेलं होतं. त्यांनी खांबावरून तळवा फिरवला. वरून खाली आला, परत वर गेला. मला वाटलं होतं शिव्या देतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"दार चुकलं तर दुसरं करता येतंय," ते म्हणाले. "तुमी खांबच तासला. आता माप कशाला धरून घेऊ?"

"तुम्ही वेळेवर आला असता तर तासला नसता!" मी आवाज चढवला. "लोकांना मी तोंड द्यायचं का तुमच्या चुलतभावानं?"

"आरडून खांब वाढंल का शेठ?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला.

त्यांनी नकार दिला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. पण त्यांना जोडी पुरी करायची होती. ते आठवणीने काम करायला लागले. खांब मूळचा किती पिळलेला होता हे आता जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं. होतं ते त्यांच्या तळहातात. ते डोळे मिटून हवेत हात फिरवायचे, मग फरशीवर खडूने रेघ मारायचे, पुसायचे. पहिली चौकट केली आणि स्वतःच मोडली. दुसरी गाडीला लावून बघितली, उतरवली, मोडली. तिसरी करायला घेतली तेव्हा त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं, "कळंना झालंय." केसरबाई फळीचं टोक धरून उभ्या होत्या. त्यांनीही टोक हलवलं नाही. हलवायचं कुठे, हे त्यांनाही कळलं नसावं.

त्याच संध्याकाळी माझ्या हातून दोन लग्नं गेली. मी शेडमध्ये आलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यातलं एक वाक्य मला आठवतं, आणि ते लिहिल्याशिवाय हे लिखाण खरं होणार नाही. मी म्हणालो, "जमत नसेल तर सरळ सांगा की. फळ्याच ठोकल्यात जन्मभर, जाऊन फळ्याच ठोका."

त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. पटाशी, रंधा, ओळंबा एकेक करून फडक्यात गुंडाळलं. "उद्या येतो," एवढंच म्हणाले. केसरबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा मिलिंदचा फोन आला. मिस्त्री अंघोळीला पाणी काढताना पडले होते. मी माझी रोजची गाडी घेऊन धावलो, बीडला नेलं, दवाखान्यात उभा राहिलो. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले रक्तदाब फार दिवसांपासूनचा आहे, गोळ्या घेत नव्हते. हे मिलिंदसमोर म्हणाले. तरीही मिलिंद सगळ्या तलवाड्यात सांगत फिरला की शेठच्या बोलण्याने बाबांना झटका आला.

हे मला लागलं, आणि अजून लागतं. मी मिस्त्रींना रोज बोलत होतो, ते मला रोज टोला देत होते; आमचं बोलणं ते तसंच. गोळ्या मी बंद केल्या नव्हत्या. नागपुरात चार दिवसांचे बारा मी केले नव्हते. मिलिंद बीडला नोकरीला. बापाच्या गोळ्या संपल्या का हे त्याने कधी विचारलं होतं? मी हे त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "नाही विचारलं. तुम्ही तरी काय विचारलंत, दार कधी होतंय याशिवाय?" त्याला मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते जाऊ द्या.

मी तलवाड्याला जायला लागलो. दर दोन-तीन दिवसांनी. जाताना तिसरी चौकट टेम्पोत घालून न्यायचो. ती पुरी झालेली होती की अर्धी, हेच मला कळत नव्हतं. मिस्त्री खाटेवर, डोक्याखाली दोन उशा. डोळे तेच, तल्लख. बाकी सगळं गप्प. तोंडातून एकच शब्द निघायचा: "बरं." जेवलात का? बरं. दुखतंय का? बरं.

मी चौकट खाटेला टेकवून उभी करायचो. "मिस्त्री, हे वरचं अंग मागं घ्यायचं का?"

"बरं."

"का पुढं?"

"बरं."

"अहो, दोन्ही कसं बरं?"

त्यांच्या डोळ्यांत राग यायचा. माझ्यावर नसावा. ते डावा हात उचलून हवेत काहीतरी दाखवायचे, वरून खाली, मनगट जरा वळवून. मी तसंच करून दाखवायचो. ते मान हलवायचे: नाही. मी पुन्हा करायचो. पुन्हा नाही. उभ्या आयुष्यात मी समोरच्याच्या तोंडून हवं ते काढलेलं आहे. मुकादम, अडते, गोदामवाले, नवऱ्यांचे बाप, सगळ्यांच्या. इथे समोरचा सांगायला तयार होता, मी घ्यायला तयार होतो, आणि दोघांमध्ये एवढीशी गोष्ट पार होत नव्हती.

एकदा त्यांच्या डाव्या हातात खडू दिला. त्यांनी चौकटीवर एक रेघ ओढली. थरथरती, मधे एकदा वळलेली. ती रेघ घेऊन मी तीन ठिकाणी गेलो. एक म्हणाला इथे कापायचं. दुसरा म्हणाला इथे पट्टी बुडवायची. तिसरा म्हणाला, "शेठ, ह्यो आजारी माणसाचा हात हाय. ह्याच्यात काय वाचताव?" माझ्या मोबाईलमध्ये शेकडो वरातींचे व्हिडिओ आहेत. मिस्त्रींचं काम चालू असतानाचा एकच निघाला, नऊ मिनिटांचा. त्यात त्यांची पाठ दिसते. सदऱ्याची हालचाल दिसते. हात कुठेच दिसत नाहीत.

मी केसरबाईंना विचारलं. "मावशी, तुम्ही तर कायम दुसऱ्या टोकाला होता. तुम्हाला अंदाज असेलच की."

"मी टोकच धरलं भाऊ," त्या म्हणाल्या. "मधलं समदं त्येंनी केलं."

शेवटचा गेलो तेव्हा ते आणखी खंगले होते. मी नेहमीसारखी चौकट आत आणली, खाटेशी टेकवली आणि विचारायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी हवेत काही दाखवलं नाही. डावा हात चौकटीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कानापर्यंत. पुसायला त्यांना तोच एक हात होता, आणि तो त्यांनी चौकटीवरून काढला नाही.

केसरबाई चुलीपाशी होत्या, त्या उठून आल्या. "भाऊ, आता हे लाकूड हितं आणू नका," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी गेल्यावर ते दोन-दोन दिस जेवत न्हाईत. तुमी सादं भेटाया येत जा. रिकाम्या हातानं."

"मावशी, आणखी एकदा विचारू द्या. फक्त एकदा."

"काय इच्यारताव? त्येंला ठावं हाय, पर त्येंला सांगता यीना. आन् तुमी रोज येऊन त्येंला त्येच दावताव."

कुणी मला 'नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी फिरलं नाही. मी चौकट धरली. मिस्त्रींचा हात तिच्यावर होता तो निघेना. केसरबाई वाकल्या, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या, आणि लेकराच्या मुठीतून वस्तू काढावी तसा तो हात सोडवून आपल्या हातात धरला. मिस्त्री "बरं" म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

मी रिकाम्या हाताने पुन्हा जाणार होतो. आठ दिवस कामात गेले, आणि नवव्या दिवशी ते गेल्याचं कळलं. मातीला मी मागे उभा होतो.

पण माझ्या मनात राहिलाय तो त्याआधीचा, चौकट घेऊन बाहेर पडतानाचा क्षण. अंगणातून टेम्पोपर्यंत मी ती एका हाताने उचलून नेली. येताना दर वेळी दोन्ही हातांनी जपून आणायचो, म्हणून कधी जाणवलं नव्हतं. लाकूड आणि लोखंड मिळून तिला वजनच नव्हतं. इतकी बारीक त्यांनी ती केली होती. ती बरोबर होती की चूक, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.